मोटर लावली की जनरेटर का दम सोडतो? घरच्या मशीनवरचा जादा लोड असा ओळखा

वाणगाव : मे महिन्याच्या अखेरीस पहिला वादळी पाऊस येतो, कुठेतरी आंब्याची नाहीतर चिकूची फांदी तारेवर पडते आणि वाणगाव, चिंचणी, वरोर पट्ट्यातली लाईट जाते. तासाभरात आली तर ठीक. नाही आली की पडवीतला जनरेटर बाहेर ओढला जातो. दोरी खेचली, मशीन सुरू झाले, दिवे लागले, पंखे फिरले. तेवढ्यात घरातून आवाज येतो, टाकीत पाणी नाही, मोटर लावा. मोटरचा स्विच दाबला की दिवे एकदम पिवळे पडतात, मशीन गुरगुरते, काळा धूर सोडते आणि बंद. पुन्हा दोरी, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घरमालक ठरवून टाकतो की मशीनच खराब निघाले.

बहुतेक वेळा मशीन खराब नसते. त्याच्यावर किती लोड टाकला आणि तो कोणत्या क्रमाने टाकला, यात गडबड असते. पण हे कळेपर्यंत कोणाचा फ्रीज जळतो, कोणाची बोअरची मोटर जाते. चुकीच्या जोडणीमुळे खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावरही बेतू शकते.

जिल्ह्यात वीज तयार होत नाही असे नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे, डहाणूला 500 मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. पण वीज जाते ती केंद्रामुळे नाही, गावातल्या शेवटच्या खांबांमुळे आणि झाडांत अडकलेल्या तारांमुळे. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तेव्हा पालघर-डहाणूच्या किनारपट्टीत झाडे आणि खांब आडवे झाले, कित्येक गावे अंधारात राहिली. कोरोनाची दुसरी लाट तेव्हा चालूच होती. अशा एखाद्या रात्रीनंतर घरात जनरेटर येतो. तो आणताना दुकानदाराला विचारलेले असते, "घर चालेल ना?" तो म्हणतो, "चालेल." कोणते घर, त्यात काय काय, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

प्लेटवरचा आकडा आधी वाचा

प्रत्येक जनरेटरवर एक प्लेट असते. तिच्यावर बहुधा दोन आकडे दिसतात, एक रेटेड आणि एक मॅक्सिमम. दुकानात मोठा आकडा सांगितला जातो, पण मशीन तासन् तास ओढू शकते तो रेटेडचा, म्हणजे लहान आकडा. मॅक्सिमम हा थोड्या वेळाचा जोर आहे. बैलजोडी गाडी चिखलातून एका हिसक्यात काढते, म्हणून तेवढ्याच जोराने ती डहाणूपर्यंत चालत नाही.

दुसरी भानगड केव्हीए आणि किलोवॅटची. प्लेटवर 3 केव्हीए असेल आणि पॉवर फॅक्टर 0.8 लिहिला असेल, तर हातात 2.4 किलोवॅट, म्हणजे 2400 वॅट येतात. लहान पेट्रोल मशीनवर पॉवर फॅक्टर 1 लिहिलेला असतो, तिथे जितके व्हीए तितके वॅट. ॲम्पिअर काढायचे तर व्हीएला 230 ने भागा. 2000 व्हीएचे मशीन साधारण पावणेनऊ ॲम्पिअर देते, 3000 चे 13 ॲम्पिअर. मशीनवरचा ब्रेकर याच हिशेबाने बसवलेला असतो.

जुन्या मशीनकडून प्लेटवरच्या आकड्याची अपेक्षा धरू नये. आठ-दहा वर्षे वापरलेले इंजिन कमीच देते. रॉकेलवर चालणारी जुनी मशीन पेट्रोलपेक्षा कमी ताकद देतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या बंद शेडमध्ये ठेवलेले मशीन स्वतःच्याच गरम हवेत गुदमरते आणि आणखी कमी देते.

कागदावर बसते, प्रत्यक्षात बसत नाही

समजा वाणगाव-चिंचणी रस्त्याला एक घर आहे आणि त्यांच्याकडे 3 केव्हीएचा, म्हणजे 2400 वॅट देणारा जनरेटर आहे. घरात तीन साधे पंखे, प्रत्येकी 75 वॅट, म्हणजे 225. नऊ वॅटचे सहा एलईडी, म्हणजे 54. टीव्ही 80. फ्रीज चालताना 150. वायफायचा डबा 10. झाले 519.

आता एक लोड असा असतो की तो कोणी मोजतच नाही. तो म्हणजे घरातला इन्व्हर्टर. रात्रभर लाईट नव्हती, बॅटरी उतरलेली असते. जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला वाटते लाईट आली, आणि तो गुपचूप बॅटरी चार्ज करायला लागतो. 150 एएचची बॅटरी सुरुवातीला 300-350 वॅट सहज खेचते. घरात एक दिवाही न लावता मशीनवर एवढा लोड आधीच बसलेला असतो. बेरीज 869 वर गेली.

आता बोअरची 1 एचपीची मोटर. एक एचपी म्हणजे 746 वॅट, पण ते मोटरने बाहेर दिलेले काम. विजेतून ती घेते 1100 वॅटच्या आसपास. एकूण 1969. मशीन 2400 चे. कागदावर आरामात बसते, चारशे वॅट शिल्लक राहतात.

तरी मशीन बंद का पडते? कारण मोटर चालू होण्याच्या क्षणी 1100 वॅट घेत नाही. थांबलेला पंखा फिरवायला, वरचे पाणी ढकलायला ती पहिला एक-दोन सेकंद नेहमीच्या चार ते सहा पट करंट मागते. म्हणजे जिथे सात-आठ ॲम्पिअर लागतात तिथे क्षणभर 30-40. महावितरणची लाईन हे सहज देते, कारण तिच्यामागे अख्खी डीपी आहे. आपल्या 13 ॲम्पिअरच्या मशीनमागे एकटे इंजिन आहे.

फ्रीजचेही तसेच. चालताना 150 वॅट घेणारा साधा फ्रीज कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट करंट मागतो, आणि तो आपल्याला विचारून सुरू होत नाही. मोटर लावली त्याच क्षणी फ्रीजनेही उचल खाल्ली की झाले. म्हणून "काल तर चालली होती, आज नाही" अशी तक्रार ऐकू येते. नव्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे फ्रीज हळूहळू वेग घेतात, त्यांचा हा त्रास फारसा नसतो.

गीझर, इंडक्शन, इस्त्री यांना सुरुवातीचा हिसका नसतो, पण त्यांचा चालू लोडच दांडगा असतो. गीझर 2000, इंडक्शन 1800 ते 2000, इस्त्री 1000. लाईट नसताना इंडक्शनवर चहा ठेवायचा हट्ट धरायचा असेल, तर बाकी घर बंद करायची तयारी ठेवावी. गॅसवर ठेवला तरी चहा तोच होतो.

कसा बंद पडला, यावरून दुखणे ओळखा

मेकॅनिककडे न्यायच्या आधी मशीन कसे बंद पडले ते नीट पाहिले तर निम्मे निदान घरीच होते.

लोड टाकताच इंजिनाचा आवाज खाली बसला, दिवे मंद झाले, काळा धूर आला आणि इंजिनच बंद पडले, तर इंजिनाला ओढवले नाही असे समजावे. लोड जास्त असेल, नाहीतर इंजिन कमजोर असेल. दोन्हींत फरक कसा करायचा ते पुढे येईलच.

इंजिन मजेत चालू आहे, पण घरात अंधार, आणि मशीनवरचा ब्रेकर खाली पडलेला आहे. इथे ब्रेकर किती वेळाने पडला हे महत्त्वाचे. वर केला की त्याच क्षणी पडत असेल आणि मोटर वगैरे काही चालू नसेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे. पावसात भिजलेला बाहेरचा दिवा, उंदराने कुरतडलेली वायर, मोटरच्या जॉइंटमध्ये शिरलेले पाणी. तो शोधल्याशिवाय ब्रेकर वर करत राहू नये. दहा-पंधरा मिनिटे चालून मग पडत असेल, तर लोड थोडासाच जास्त आहे आणि ब्रेकर तापून पडतो आहे. शे-दोनशे वॅट कमी केले की तो टिकतो. इथे काही जण एक भलताच उपाय करतात, ब्रेकर काढून मोठा बसवतात. मग ब्रेकर पडत नाही, पण जनरेटरची वाइंडिंग जळते. ती भरून घ्यायचा खर्च विचारला की ब्रेकरची किंमत कळते.

इंजिन चालू, ब्रेकरही वर, तरी वीज नाही. मशीन सुटकेससारखे छोटे इन्व्हर्टर जनरेटर असेल तर त्यावरचा लाल दिवा बघा. लोड वाढला की ते स्वतःच वीज तोडते, इंजिन मात्र चालू ठेवते. सगळे स्विच बंद करा, इंजिन बंद करा, मिनिटभर थांबून पुन्हा सुरू करा. हिरवा दिवा आला तर मशीन धडधाकट आहे, लोडच जास्त होता. साध्या मशीनमध्ये हीच खूण दिसली तर व्होल्टेज सांभाळणारे एव्हीआर कार्ड गेलेले असू शकते, किंवा वाइंडिंगमधले चुंबकत्व उतरलेले असू शकते. भर लोडवर मशीन बंद पडण्याने किंवा बंद करण्याने असे होते. हे काम जाणत्या माणसाचे आहे, घरी खटपट करू नये.

आणि एक फसवी खूण. मशीन काही न सांगता फट्‌दिशी बंद पडते, धूर नाही, आवाज बसणे नाही. लोक लोडला दोष देतात, पण बऱ्याचदा ऑइल कमी असते. ऑइल खाली गेले की सेन्सर इंजिन बंद करतो. मशीन तिरके ठेवले असले, ट्रॉलीत किंवा बांधावर, तरी सेन्सरला ऑइल कमी वाटते. आधी मशीन सपाट जागी ठेवा, ऑइलची काडी बघा, मगच लोडचा विचार करा.

इस्त्रीची परीक्षा

लोड जास्त की मशीन कमजोर, हे ठरवायला घरातली इस्त्री कामाला येते. इस्त्रीला सुरुवातीचा हिसका नसतो, ती सरळ 1000 वॅट घेते. घराची जोडणी पूर्ण सोडा. मशीन एकटे सुरू करून तीन मिनिटे गरम होऊ द्या. मग मशीनच्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावा.

2 केव्हीएच्या मशीनने इस्त्री लावताच किंचित आवाज बदलला आणि पुन्हा सावरले, तर इंजिन ठीक आहे. मग दोष मोटरच्या हिसक्याचा किंवा एकूण बेरजेचा. पण तेच मशीन एका इस्त्रीलाच धापा टाकत असेल, तर लोड कमी करून उपयोग नाही. तिथे दुखणे इंजिनात आहे.

इंजिनातली दुखणी आपल्याकडे ठरलेली आहेत. एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो. स्पार्क प्लग काजळलेला असतो. आणि सगळ्यात जास्त वेळा कार्बोरेटर चोक झालेला असतो. गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल टाकीत तसेच ठेवून दिवाळी, होळी, लग्नसराई उलटते. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते. किनाऱ्याची दमट हवा, अर्धी टाकी, आठ महिने. कार्बोरेटरच्या बारीक भोकात डिंकासारखा थर बसतो. असे मशीन बिनलोड चालते, पण आवाज वर-खाली होत राहतो, आणि लोड टाकला की पेट्रोल पुरत नाही म्हणून मरते. बघणाऱ्याला वाटते लोड झेपला नाही. कार्बोरेटर साफ करून ताजे पेट्रोल टाकले की तेच मशीन मोटरही ओढते. पावसाळा संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले तर कार्बोरेटर रिकामा होतो. टाकीही रिकामी करून ठेवावी.

एक काम मात्र करू नये. मशीन झेपत नाही म्हणून गव्हर्नरचा स्क्रू पिळून रेस वाढवणे. घरगुती मशीनचे इंजिन साधारणपणे मिनिटाला 3000 फेऱ्यांना 50 हर्ट्झ देते. रेस वाढवली की फेऱ्या वाढतात, हर्ट्झ वाढतात आणि कित्येक मशीनमध्ये व्होल्टेजही वर जाते. ताकद वाढल्यासारखी वाटते, पण लोड बंद होताच व्होल्टेज उसळते आणि टीव्ही, एलईडी, चार्जर एकाच वेळी जातात. ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे त्याने सॉकेटवर मोजून बघावे. 220 ते 240 च्या दरम्यान राहिले पाहिजे. 190 च्या खाली जात असेल तर फ्रीज ताबडतोब बंद करा. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता गुणगुणतो आणि तापतो. फ्रीज जळतो तो असा.

मोटर नुसती हुं हुं करते तेव्हा

मोटर लावली, मशीन बंद पडले नाही, पण पाणीही येत नाही, पॅनलमधून नुसता हुं हुं आवाज येतो. लगेच स्विच बंद करा. मोटर अडकून उभी आहे आणि सुरुवातीचा सगळा करंट तिच्या वाइंडिंगमध्ये उष्णता बनून जातो आहे. असे चार-पाचदा केले की मोटर वर काढायची वेळ येते, आणि दोन-तीनशे फुटांवरून मोटर काढणे काय असते हे बोअरवाल्या घराला सांगायला नको.

लाईट आल्यावर तीच मोटर लाईनवर चालवून बघा. लाईनवरही हुं हुं करत असेल किंवा रडत रडत उचल घेत असेल, तर पॅनलमधला कपॅसिटर कमजोर झाला आहे. तो बदलला की जनरेटरवरचा भारही हलका होतो. लाईनवर झटक्यात चालते आणि जनरेटरवरच अडते, असे असेल तर मशीन तिला लहान पडते. बाकी सगळे घर बंद ठेवून, इन्व्हर्टरचा प्लग काढून, फ्रीज बंद करून एकट्या मोटरला एकदा संधी द्या. तरीही उचलत नसेल तर हट्ट सोडा. बोअरच्या मोटरसाठी जितके एचपी त्याच्या साधारण अडीच ते तीन पट केव्हीए धरले तर फसगत होत नाही. म्हणजे 1 एचपीला 3 केव्हीए, तेही मशीन निरोगी असेल तर.

मिरचीच्या आणि ढोबळीच्या शेडनेटवाल्यांची अडचण वेगळी. फुलोऱ्यात ठिबक दोन दिवस बंद राहिले तर फूल गळते, म्हणून घरचा जनरेटर वाडीत न्यायचा मोह होतो. पण शेतीपंप 3 किंवा 5 एचपीचा थ्री-फेज असतो. घरगुती सिंगल-फेज मशीनवर तो चालणार नाही, आणि जोडजाड करून चालवायला गेलात तर मोटर आणि मशीन दोन्ही गमवाल. 5 एचपीला साडेबारा ते पंधरा केव्हीएचे थ्री-फेज डिझेल मशीन लागते. त्यापेक्षा शेडजवळ पाण्याची टाकी उंचावर ठेवून लाईट असताना ती भरून घेतली, तर थोड्या क्षेत्राचे ठिबक उताराच्या दाबावर भागवता येते. नाहीतर दोघा-तिघांनी मिळून भाड्याने मशीन आणावे.

वायरही लोडच असते

विहीर घरापासून लांब. मशीन पडवीत. मधे 50 मीटर वायर, आणि ती लग्नात मांडवाला वापरलेली बारीक वायर. 1 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये 50 मीटरवर, जाणारी-येणारी धरून, 8 ॲम्पिअरला जवळपास 14 व्होल्ट वाटेतच जातात. मोटर सुरू होताना 30 ॲम्पिअर मागते तेव्हा 50 च्या वर व्होल्ट जातात. मशीनने 230 दिले तरी मोटरला 175 मिळतात, मग ती उचल कशी घेणार? तीच वायर अडीच स्क्वेअर एमएमची घेतली तर सुरुवातीचे नुकसान 22 व्होल्टवर येते. म्हणजे मशीन न बदलता निव्वळ वायर बदलून मोटर चालू झाली, असे होऊ शकते. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नये, ती आतल्या आत तापून वितळते. सगळी उलगडून वापरावी. जॉइंट ओल्या गवतात टाकू नये.

सगळे बंद करूनही लोड येत असेल तर

घरातला प्रत्येक स्विच बंद आहे, इन्व्हर्टरचा प्लग काढला आहे, तरी जनरेटर जोडताच दबतो आणि बंद पडतो. ही खूण दिसली की हात मागे घ्या. मशीनची वीज घराबाहेर चालली आहे.

बऱ्याच घरांत जनरेटरची वीज घरात घ्यायला दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर वापरतात. एक टोक मशीनमध्ये, दुसरे भिंतीच्या सॉकेटमध्ये. मेन स्विच आठवणीने बंद केला तर दिवे लागतात. एखाद्या रात्री घाईत विसरला, किंवा पोराने परत वर केला, तर वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. तुमचे 3 केव्हीएचे मशीन अख्ख्या आळीचे पंखे फिरवायला निघते, म्हणून दम सोडते.

पण खरा धोका पुढे आहे. डीपी जशी 11 हजार व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करते, तशीच उलट्या बाजूने आलेल्या 230 व्होल्टचे 11 हजार करते. तिकडे वायरमनने लाईन बंद करून घेतलेली असते, भर पावसात तुटलेली तार जोडायला तो खांबावर चढलेला असतो. तुमच्या पडवीतून गेलेली वीज त्याच्या हातात पोहोचते. मशीन एका क्षणात दबून बंद पडेल हे खरे, पण माणसाला तो एक क्षण पुरतो. आणि मेन चालू असताना लाईट परत आली तर लाईन आणि मशीन समोरासमोर येतात, त्यात जनरेटर जळतो, आगही लागू शकते. शिवाय त्या वायरचे सुटे टोक म्हणजे उघडी पडलेली जिवंत पिन. लहान मूल ते हातात घेईल ही भीती वेगळीच.

याला उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. एका वेळी एकच बाजू जोडली जाते, लाईन किंवा जनरेटर. तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा, म्हणजे दोन पोलचा हवा. बसवायचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि अर्थिंगही तेव्हाच तपासून घ्यावे. त्याच वेळी त्याला सांगून जनरेटरची लाईन वेगळी काढून घ्या. दिवे, पंखे, फ्रीज आणि एक चार्जिंगचा सॉकेट एवढेच तिच्यावर. गीझर, इंडक्शन, एसी त्या लाईनवर येतच नाहीत, मग चुकून कोणी बटण दाबण्याचा प्रश्न राहत नाही.

क्रम लावला तर लहान मशीनही पुरते

मशीन सुरू करताना आणि बंद करताना त्याच्यावर काही लोड नसावा. सुरू केल्यावर तीन मिनिटे रिकामे चालू द्या. मग ज्याचा हिसका मोठा ते आधी. मोटर चालवायची असेल तर सर्वांत आधी तीच, एकटी. टाकी भरली, मोटर बंद. मग फ्रीज. तो मार्गी लागला की पंखे, दिवे, टीव्ही. शेवटी इन्व्हर्टर चार्जिंगला. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी घर उजळते आणि शेवटी मोटर आठवते.

रात्रभर मशीन चालवायची गरजही नसते. फ्रीज न उघडता ठेवला तर चारेक तास थंडावा टिकतो. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास मशीन चालवून टाकी, फ्रीज आणि इन्व्हर्टर भरून घ्यावेत, रात्र इन्व्हर्टरवर काढावी. पेट्रोल वाचते, शेजारीही झोपतात. काही इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेतच नाहीत, ती सारखी चढ-उतार करते म्हणून नाकारतात. अशा इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असे बटण असते, ते नॉर्मलवर करून बघावे.

पाऊस लागतो म्हणून मशीन पडवीत, ओट्यावर किंवा खिडकीखाली लावण्याची सवय मात्र मोडायला हवी. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. लोड जास्त असला, इंजिन काळे धूर सोडू लागले की हा वायू आणखी वाढतो. मशीन घरापासून किमान 20 फूट लांब, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला, वर पत्रा पण चारी बाजू मोकळ्या. घरात एकाहून जास्त जणांचे एकाच वेळी डोके दुखू लागले तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणा, मशीन बंद करा आणि 108 ला फोन करा. पेट्रोल भरताना मशीन बंद करून पंधरा मिनिटे थंड होऊ द्या. गरम सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेट घेते.

मेकॅनिककडे न्यायची वेळ आलीच तर "चालत नाही" एवढेच सांगू नका. इस्त्री ओढली का, ब्रेकर किती वेळाने पडला, धूर काळा होता का, आवाज वर-खाली होत होता का, पेट्रोल किती महिन्यांचे होते, हे सांगा. तार तुटली किंवा खांब पडला असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणच्या 1912 किंवा 1800-212-3435 वर कळवा. तुमच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक आधीच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, अंधारात बिल सापडत नाही.